काटा नेमका कुणी मारला? सांगलीतल्या एका अफिलिएटच्या गायब ऑर्डरींचं प्रकरण

प्रकरण माझ्या मित्राचं आहे, त्याच्या परवानगीनं लिहितोय, नाव किंवा चॅनल काहीही देणार नाही, दुकानाचं आणि नेटवर्कचं नाव तर अजिबात नाही. पोरगा विश्रामबागेत राहतो, घरची द्राक्षबाग तासगावकडं. मराठीत एक वेबसाईट आणि यूट्यूब चॅनल चालवतो, विषय फवारणीचे पंप, नोझल, ड्रिपचं सामान, बागेला लागणारी छोटी यंत्रं. लिंक द्यायची, लोकांनी तिथून पंप घेतला की ६ टक्के कमिशन. असं काम करणारा तो अफिलिएट, आणि दुकान व त्याच्यामधे क्लिक-ऑर्डरींचा हिशोब ठेवून कमिशन पोचवणारा मधला माणूस म्हणजे नेटवर्क. बॅटरीवरचा पंप तीन-साडेतीन हजाराला येतो म्हणजे एका ऑर्डरीला दोनशेच्या आसपास सुटतात. पैसा मोठा नाही, पण ऑक्टोबर छाटणी झाली की आपल्याकडं डाऊनीच्या (द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाच्या) भीतीनं फवारण्यांचा जो सपाटा लागतो त्यात पंप बिघडतात, नवे घेतले जातात, आणि ह्याचं वर्षाचं निम्मं उत्पन्न त्या दोन महिन्यांत येतं.

तर आदल्या ऑक्टोबरात साधारण १२ हजार क्लिकवर २४० ऑर्डरी दिसल्या होत्या, म्हणजे २ टक्के. ह्या ऑक्टोबरात क्लिक तेवढेच, ऑर्डरी १५६. फोनवर पहिलं वाक्य, "भावा, नेटवर्क काटा मारतंय."

ऊसपट्ट्यातल्या माणसाला हा संशय शिकवावा लागत नाही. कारखान्याच्या काट्यावर भरवसा नसेल तर शेतकरी ट्रॉली आधी बाहेरच्या काट्यावर नेतो आणि पावती खिशात ठेवतो. ह्याच्या खिशात पावतीच नव्हती. क्लिक किती हे नेटवर्क सांगणार, ऑर्डरी किती तेही नेटवर्क सांगणार, नाकारल्या किती आणि का तेही तेच सांगणार, आणि ह्यानं त्यांच्याच डॅशबोर्डवरून त्यांना पकडायचं! टीडीएस बघून काही कळेल का असंही त्यानं विचारलं, पण टीडीएस कापतात तो त्यांनी दाखवलेल्या कमिशनवर, न दाखवलेल्यावर कोण कापणार.

आधी नशिबाचा भाग बाजूला काढला. २ टक्के हाच खरा दर धरला तर १२ हजार क्लिकवर २४० च्या आजूबाजूला पंधरा-वीस कमीजास्त हे नेहमीचं, तीस-पस्तीसपर्यंतही कधीतरी होतं. इथं ८४ कमी. हा योगायोग नाही, काहीतरी बदललंय हे नक्की. पण काय बदललं हे हा आकडा सांगत नाही, आणि बहुतेक लोक इथंच थांबून नेटवर्कला शिव्या द्यायला लागतात.

मग विचारलं की आदल्या वर्षी क्लिक कुठनं येत होते. तर तेव्हा जवळजवळ सगळे वेबसाईटवरच्या लेखांतून, गूगलवर शोधून आलेले. यंदा यूट्यूब वाढलंय आणि बागायतदारांचे सात-आठ व्हॉट्सॲप ग्रुपही झालेत. आणि सगळीकडं एकच लिंक! सबआयडी रिकामा. सबआयडी म्हणजे लिंकच्या शेपटीला आपण लावायची खूण, ती ऑर्डरीबरोबर रिपोर्टमध्ये परत येते, जवळपास प्रत्येक नेटवर्कमध्ये सोय असते आणि फुकट असते. नोव्हेंबरच्या सुरवातीला तीन खुणा केल्या, लेख, यूट्यूब, व्हॉट्सॲप. शिवाय लिंक आधी स्वतःच्या साईटवरून फिरवून मग नेटवर्ककडं पाठवायला लावली, म्हणजे प्रत्येक क्लिकला आपला स्वतःचा नंबर पडतो आणि वेळेसकट आपल्याकडं नोंद राहते. हा झाला बाहेरचा काटा.

पहिल्या दोन आठवड्यात आमच्याकडं ६००० क्लिक, नेटवर्ककडं ५७०० च्या आसपास. इथं लगेच उडी मारायची नाही. फेसबुकसारख्यांचे बॉट लिंक तपासायला येतात तेही आपल्या नोंदीत क्लिक म्हणून पडतात, शिवाय नेट स्लो असलं की माणूस मधेच मागं जातो. पाच टक्के फरक चालतो. पंचवीस असता तर गोष्ट वेगळी.

ऑर्डरींचं चित्र मात्र बघण्यासारखं होतं. लेखातून २००० क्लिक, ३८ ऑर्डरी. यूट्यूबवरून २५०० क्लिक, ३० ऑर्डरी. व्हॉट्सॲपवरून १५०० क्लिक आणि ऑर्डरी फक्त ६.

आता ह्यात खरी गोम आहे. नेटवर्क जर दर पाचातली एक ऑर्डर गिळत असेल तर ते सगळीकडं सारखीच गिळणार, त्याला काय माहिती हा क्लिक लेखातला का व्हॉट्सॲपवरचा (खूण दिसते म्हणा त्यांना, पण तेवढी अक्कल कोण चालवतंय). लेखांचा दर १.९ टक्के, म्हणजे आदल्या वर्षीइतकाच, त्याला हातही लागलेला नाही. पडलंय ते यूट्यूबवर आणि भुईसपाट झालंय ते व्हॉट्सॲपवर. म्हणजे एकूण दर २ वरून १.३ ला आला तो बराचसा क्लिकची सरमिसळ बदलल्यामुळं. पण एवढ्यावर विषय मिटत नव्हता, कारण ग्रुपवरची माणसं ह्याच्या ओळखीची, त्यातले कितीतरी जण "घेतला की लेका तुझ्या लिंकवरनं पंप" असं स्वतःहून सांगत होते. जिथं सगळ्यात जास्त विश्वास तिथं सगळ्यात कमी विक्री, हे पटत नाही.

शेव्हिंग, म्हणजे आलेल्या ऑर्डरी लपवून कमिशन गिळणं, ते करणारे हुशार असतात हेही ध्यानात ठेवायला पाहिजे. सुरवातीच्या ऑर्डरी सगळ्या दाखवायच्या, माणूस रुळला की कापायला लागायचं, किंवा रात्रीच्याच कापायच्या. म्हणून तासांप्रमाणं आणि दिवसांप्रमाणंही आकडे मांडून बघितले. तसली ठेवण कुठं दिसली नाही.

पुढचं काम कटकटीचं होतं, पण प्रकरण सुटलं ते त्यानंच. ग्रुपवर मेसेज टाकला की ह्या सीझनला ज्यांनी लिंकवरून पंप घेतलाय त्यांनी बिलाचा फोटो पाठवा, पत्ता आणि फोन नंबर झाकून, आणि ऑर्डर कशी केली, पैसे कसे दिले तेवढं लिहा. ह्यात एक पथ्य पाळायचं. स्वतःच्या लिंकवरून स्वतः खरेदी करायची नाही आणि लोकांना पैसे देऊन ऑर्डरी करायला लावायच्या नाहीत, बहुतेक नेटवर्कच्या अटींत दोन्हीला बंदी असते आणि चोर पकडायच्या नादात आपलंच अकाउंट बंद पडतं. नेटवर्कही उगाच संशयी झालेली नाहीत, ईबेनं २००८ मध्ये आपल्याच दोन बड्या अफिलिएटवर कुकी स्टफिंगचा (ग्राहकानं लिंक दाबलेली नसताना त्याच्या ब्राउझरमध्ये आपली खूण घुसवून कमिशन लाटण्याचा) दावा लावला होता आणि पुढं फौजदारी होऊन २०१४ मध्ये दोघांनाही तुरुंगवासाची शिक्षा झाली. म्हणजे काटा दोन्ही बाजूंनी मारला जातो. आपण मागितले ते ज्यांना पंप लागतच होता आणि ज्यांनी तो आधीच घेतला होता त्यांचे पुरावे.

३२ जणांनी पाठवले. मणेराजुरी, सावळज, कवठेमहांकाळ, दोन-तीन जतकडचे. एकेक बिल घेऊन तारीख, वेळ, रक्कम रिपोर्टशी जुळवत बसलो.

३२ पैकी ११ जणांनी ऑर्डर फोनवर दिली होती! दुकानाच्या पानावर खालच्या बाजूला भलंमोठं हिरवं बटण, कॉल करून ऑर्डर करा, आणि शेजारी व्हॉट्सॲपचं. आपल्या शेतकऱ्याला पत्ता टाईप करायचा, पिनकोड शोधायचा ह्यापेक्षा "हॅलो, तो सोळा लिटरवाला पंप पाठवा ओ" म्हणणं सोपं जातं, साहजिक आहे. क्लिक ह्याचा, भरवसा ह्याच्या व्हिडिओमुळं आलेला, विक्री दुकानाची, आणि रिपोर्टमध्ये शून्य. ११ पैकी एकही नाही. ह्यात कुणी चोरी केली का? अटींत स्पष्ट लिहिलेलं होतं की कमिशन फक्त वेबसाईटवर पूर्ण झालेल्या ऑर्डरीला. मित्रानं ते वाचलं होतं, पण पानावर ते बटण आलं दिवाळीच्या आसपास, आणि ते काय कुणी कळवत नसतं.

आणखी ५ जणांच्या फोनमध्ये दुकानाचं ॲप होतं. लिंक दाबली की ब्राउझरऐवजी थेट ॲप उघडतं, आणि ॲपनं त्या क्लिकचा नंबर उचलून पुढं नेला नाही तर ऑर्डर बेवारस. त्या पाचातली एकही दिसली नाही.

उरले १६, ज्यांनी वेबसाईटवर सरळ ऑर्डर केली. त्यातल्या १३ रिपोर्टमध्ये सापडल्या, ३ नाहीत. मित्र म्हणाला हेच, हेच बघ, हाच काटा. मी म्हटलं थांब, पैसे कसे दिले बघू. १६ पैकी ९ सीओडीवाले, ७ यूपीआयवाले, आणि गायब झालेल्या तिन्ही यूपीआयच्या. नुसत्या नशिबानं तिन्ही यूपीआयमध्येच पडण्याची शक्यता सोळात एक येते. म्हणजे संशय घ्यायला पुरेसं, आरोप करायला नाही.

पण कारण डोक्यात आलं होतं. ऑर्डर झाल्याचं नेटवर्कला दोन रस्त्यांनी कळतं. एक म्हणजे पैसे भरल्यावर जे धन्यवादाचं पान येतं त्यावरचा पिक्सेल, म्हणजे पानात लपवलेला छोटासा कोड, तो ग्राहकाच्या ब्राउझरमधून चालतो. दुसरा पोस्टबॅक, म्हणजे दुकानाचा सर्व्हर परस्पर नेटवर्कच्या सर्व्हरला क्लिकच्या नंबरासकट कळवतो, ग्राहकाच्या फोनचा संबंधच नाही. हे दुकान पिक्सेलवर होतं. आता यूपीआयला काय होतं, माणूस ब्राउझरमधून पैसे भरायच्या ॲपमध्ये जातो, पिन टाकतो, हिरवी टिक येते, आणि झालं काम म्हणून फोन खिशात. ब्राउझरकडं परत कोण जातंय? दुकानाला पेमेंटवाल्यांकडून परस्पर कळतं, ऑर्डर पक्की होते, पंप घरी येतो, पण धन्यवादाचं पान कधी उघडलंच नाही म्हणून पिक्सेलही चालला नाही.

हे तपासता येण्यासारखं होतं. नेटवर्कच्या मॅनेजरला आधी मेल टाकून सांगितलं की टेस्ट ऑर्डरी करतोय, कमिशन धरू नका, मग ग्रुपमधल्या दोघांनी नोझलचे सेट मागवले. एकानं पैसे भरून तिथंच फोन बंद केला, दुसरा ब्राउझरमध्ये परत येऊन पान उघडेपर्यंत थांबला. दुसऱ्याची ऑर्डर थोड्या वेळात रिपोर्टला, पहिल्याची नाही. दोघांनी अदलाबदल करून परत केलं, तेच. आकडेशास्त्राच्या दहा पानांपेक्षा ही साधी जोडी जास्त बोलते, कारण तुम्ही ती समोरच्याला करून दाखवू शकता.

आयफोनवाल्या वाचकांसाठी जाता जाता, सफारीनं मार्च २०२० पासून थर्ड पार्टी कुकी (आपण बघतोय त्याऐवजी दुसऱ्याच साईटनं ब्राउझरमध्ये ठेवलेल्या खुणा) पूर्ण बंद केल्यात, तेव्हा ज्यांचा प्रेक्षक पुण्या-मुंबईचा आहे त्यांना पिक्सेलवर आणखी गळती लागते. द्राक्षवाल्यांमध्ये सगळे अँड्रॉइड आणि क्रोम, गूगलनं क्रोममधून ह्या कुकी काढायचा बेत जुलै २०२४ मध्ये मागं घेतला, त्यामुळं आमच्यात हा भाग नव्हता.

एवढं होऊनही प्रश्न अर्धाच सुटला होता, कारण दिसलेल्या ऑर्डरीही सगळ्या पैशात उतरत नाहीत. आधी पेंडिंग, मग दीड-दोन महिन्यांनी अप्रूव्ह किंवा रिजेक्ट. सापडलेल्या १३ पैकी १० अप्रूव्ह झाल्या, ३ रिजेक्ट, कारण लिहिलेलं आरटीओ. पासिंगवालं आरटीओ नव्हे, माल परत गेला ह्या अर्थाचं. तिघांना फोन लावले. एकानं सीओडीचा पंप खरंच परत पाठवला होता, म्हणाला "घरात भांडण झालं ओ", ठीक आहे. पण बाकी दोघांचे पंप घरात, एक तर फोन घेताना पाठीवरच होता.

ही मात्र सरळसरळ चूक, आणि बिलासकट. मॅनेजरला दोन्ही ऑर्डर नंबर आणि बिलं पाठवली. आठवड्याभरानं उत्तर आलं की दोन्ही पार्सल आधी कुरिअरकडून परत आली होती (जतच्या बाजूच्या वस्त्या, पिनकोडचा घोळ), मग दुकानानं दुसऱ्या कुरिअरनं नव्या नंबरवर परत पाठवली, पण सिस्टीममध्ये पहिल्या पार्सलचा शिक्का राहिला. दोन्ही अप्रूव्ह करून दिल्या. मग मित्रानं ऑक्टोबरच्या सगळ्या ४७ रिजेक्ट ऑर्डरींची यादी पाठवून प्रत्येकीची डिलिव्हरीची स्थिती मागितली. कुरकुर झाली, पण ९ परत अप्रूव्ह झाल्या. रिजेक्ट झालेल्या ऑर्डरीबद्दल कुणी विचारतच नाही म्हणून त्या तशाच राहतात, माझ्या मते नव्या माणसानं सगळ्यात आधी हीच यादी मागावी.

आता नेटवर्कचं काय? शेवटी आरोप त्यांच्यावर होता. इथं दोन गोष्टी वेगळ्या करायला पाहिजेत. दुकानानं ऑर्डर कळवलीच नाही तर नेटवर्कचंही कमिशन बुडतं, कारण सहसा अफिलिएटच्या कमिशनवर वरून काही टक्के असाच त्यांचा धंदा असतो. खरं शेव्हिंग म्हणजे दुकानानं ऑर्डर कळवली, पैसेही दिले आणि नेटवर्कनं मधल्यामधे ठेवले. हे आपल्या डॅशबोर्डवरून जन्मात कळणार नाही, त्याला दुकानाकडचा आकडा लागतो. डिसेंबरात मोशीला किसानचं प्रदर्शन असतं, तिथं त्या दुकानाचा स्टॉल होता, मित्र जाऊन मार्केटिंगवाल्या पोराला भेटला आणि चहा पिता पिता विचारलं की ह्या तारखांत ह्या खुणांवर तुम्ही नेटवर्कला किती ऑर्डरी कळवल्यात. त्यानं नंतर मेलवर आकडा दिला. नेटवर्कनं दाखवलेल्या ७४, दुकानाकडं ७५. एक कुठंतरी रात्री बाराच्या सीमेवर पडली असणार.

मधल्या काळात आणखी एक प्रयोग चालू होता, तेच दुकान दुसऱ्या नेटवर्कवरही होतं म्हणून लेखातले क्लिक आलटून पालटून दोन्हीकडं वाटले. हा उपाय सगळे सुचवतात आणि त्यातली मेख कुणी सांगत नाही. २ टक्के दर असताना १० टक्क्यांची कापाकापी, म्हणजे २ च्या जागी १.८, खात्रीनं पकडायची तर प्रत्येक बाजूला ७० हजाराच्या वर क्लिक लागतात. २० टक्क्यांची असेल तर १७ हजार, ३० टक्क्यांची तर ७ हजार. ह्याच्याकडं लेखांचे महिन्याला चार हजार मिळायची मारामार. तेव्हा दोन आठवडे वाटणी करून "दोन्हीकडं सारखंच आलं, नेटवर्क क्लीन" असं म्हणणं ही शुद्ध फेकाफेक आहे, आणि "तिकडं चार ऑर्डरी जास्त आल्या, हे चोर" म्हणणं तर त्याहून. टेस्ट ऑर्डरींचंही तसंच, १० टक्के कापणारा असेल तर तुमच्या १० च्या १० ऑर्डरी सुखरूप दिसण्याची शक्यता ३५ टक्के आहे, ३० केल्या तर ती ४ टक्क्यांवर येते. आमच्या वाटणीत फरक दिसला नाही, म्हणजे मोठा दरोडा नाही एवढंच. नेटवर्कवरचा संशय फिटला तो दुकानाच्या ७५ मुळं.

मित्राला हे पचायला जड गेलं. चोर सापडला असता तर बरं वाटलं असतं त्याला. पण मला ह्या प्रकरणात चोरीपेक्षा वाईट काहीतरी दिसतं. फोनचं बटण, ॲप, यूपीआय, आरटीओचा शिक्का, चारही गळत्यांचं पाणी एकाच बाजूला जातंय, दुकानाच्या. ह्यातली एकही कुणी मुद्दाम केलेली नाही असं मी मानतो. पण गळती उलट्या बाजूला असती, म्हणजे एका ऑर्डरीचं कमिशन दोनदा जात असतं, तर ती दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाली असती की नाही सांगा! मार्केटिंगवाल्या पोराला यूपीआयचं दाखवलं तेव्हा त्याचं उत्तर होतं, "हो का, बघतो, टेक टीमला टाकतो." फेब्रुवारीत बेदाण्याची शेडं भरली तरी टेक टीमकडंच होतं.

फोनच्या ऑर्डरींवर मात्र तोडगा निघाला. मित्राच्या नावाचा कूपन कोड दिला, फोनवर कोड सांगितला की ग्राहकाला शंभर रुपये सूट आणि कमिशन मित्राला, क्लिक असो वा नसो. व्हिडिओत तो आता प्रत्येक वेळी म्हणतो, फोन करा, खुशाल करा, पण कोड सांगा. फोन घेणाऱ्या मुली कधी कधी कोड टाकायचं विसरतात, पण सूट मिळाली नाही की शेतकरीच परत फोन करून भांडतो, त्यामुळं त्या बाजूचा पहारा आपोआप लागलाय. व्हॉट्सॲपचा दर अजून लेखांइतका नाही पण ०.४ च्या बराच वर आलाय. दर महिन्याच्या ५ तारखेला तो रिजेक्ट ऑर्डरींची एक्सेल मॅनेजरला पाठवतो, आता ते न मागता उत्तर देतात.

यूपीआयचा पोस्टबॅक अजून लागलेला नाही. पुढच्या ऑक्टोबर छाटणीच्या आत लागला नाही तर व्हॉट्सॲपच्या लिंका दुसऱ्या एका दुकानाकडं वळवायच्या असं त्यानं ठरवलंय. तिथं कमिशन ५ टक्केच आहे, पण पोस्टबॅक आहे, आणि पानावर फोन नंबर नाही, जे त्यानं सगळ्यात आधी खाली स्क्रोल करून बघितलं.